डॉ. आंबेडकरांची दोन प्रयाणे

आमच्या बीड जिल्ह्यास घर सोडून दूर जाणे नवीन नाही. दसरा-दिवाळी उलटली की गेवराई, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या भागांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. निघण्यापूर्वी घरोघर एकच खल चालतो. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून कोणते देणे आधी फेडावयाचे, शेरडे-गुरे कोणाच्या दावणीस बांधावयाची, म्हाताऱ्या माणसांचे दुखलेखुपले कोण पाहील, शिकणारे पोर आजीपाशी ठेवावयाचे की हंगामी वसतिगृहात, हे सारे ठरल्याखेरीज बिऱ्हाड गाडीवर चढत नाही. ज्या घरात हे नीट ठरले नाही त्या घरातील पोराची शाळा पहिल्याच हंगामात सुटते, हे आमच्या वाचकांस आम्ही निराळे सांगावयास नको.

आता याच घरांतील मुले शिक्षणासाठी मोठ्या शहरी, आणि क्वचित परदेशीही जाऊ लागली आहेत. अंतर वाढले तरी प्रश्न तेच राहिले. पैसा कोठून आणावयाचा, हातचे काम कोणाकडे सोपवावयाचे, आणि मागे घर कोणी सांभाळावयाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे एका थोर पुरुषास एकदा नव्हे तर दोनदा शोधावी लागली. पहिल्या वेळी बहुतेक उत्तरे दुसऱ्यांनी ठरवून दिली होती; दुसऱ्या वेळी ती त्यांनी स्वतः ठरवली. ते पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. त्यांच्या विद्वत्तेची आणि त्यांनी केलेल्या समाजकार्याची चरित्रे पुष्कळ आहेत. त्यांच्या परदेशगमनामागे जी घरगुती जुळवाजुळव होती, तिच्याकडे आम्ही या लेखात विशेष लक्ष वेधू इच्छितो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. महार जातीत जन्म झाल्यामुळे अस्पृश्यतेचे चटके भीमरावांस शाळेतच बसले. आई भीमाबाई लहानपणीच वारल्या. वडिलांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. तरी मुलाच्या पुस्तकांसाठी ते प्रसंगी कर्ज काढीत. पुढे कुटुंब मुंबईस आले, आणि १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या थोर मनाच्या शिक्षकाने त्यांची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये देऊ केले. त्या आधारावर भीमराव १९१२ साली बी. ए. झाले. याच वर्षी डिसेंबरात त्यांस पुत्र झाला. त्याचे नाव यशवंत.

१९१३ च्या आरंभी भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पुरता महिनाही भरला नाही तोच वडील अत्यवस्थ असल्याची बातमी आली, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार निवर्तले. ज्यांच्या खांद्यावर घराचा भार होता तेच गेले. अशा वेळी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस धाडण्याचे ठरवले, आणि भीमरावांची त्यांत निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यास करारावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा तो करार होता. आमच्याकडील उचलीसारखाच हा व्यवहार होता. पैसा आधी मिळावयाचा आणि तो पुढे श्रमाने फेडावयाचा.

या प्रयाणात पैशाची आणि पुढील कामाची सोय झाली होती; घराची मात्र खरी सोय झाली नव्हती. कर्ता पुरुष नुकताच निवर्तलेला, पत्नी रमाबाई जेमतेम पंधरा वर्षांच्या, मूल सहासात महिन्यांचे. साडेअकरा पौंड हे एका विद्यार्थ्याच्या खर्चाच्या हिशेबाने ठरले होते. त्या विद्यार्थ्यामागे एक कुटुंब आहे, ही गोष्ट करारात कोठेही नव्हती. तेव्हा ती उणीव भरून काढण्याचा एकच मार्ग भीमरावांपाशी उरला, तो म्हणजे स्वतःच्या पोटास चिमटा घेणे.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्क येथे पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्यासारखे गुरू त्यांस लाभले. वसतिगृहात नवल भाथेना नावाच्या एका पारशी विद्यार्थ्याशी स्नेह जडला, आणि हा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. शिष्यवृत्तीतून काही रक्कम ते घरी पाठवीत. उरलेल्या पैशांत जेवण, राहणे आणि जुनी पुस्तके भागवीत. आरंभीचे काही महिने नव्या शहराच्या मोकळेपणात गेले. परंतु आपणांस मिळालेला वेळ मोजका आहे हे ध्यानी येताच त्यांनी सारे लक्ष अभ्यासावर केंद्रित केले. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध तेथील परिसंवादात वाचला गेला, आणि भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंधही तयार झाला. त्याच वर्षी मुदतवाढ मिळवून ते लंडनला गेले. ऑक्टोबर १९१६ मध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये, आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याच्या दिवाणांकडून परत येण्याची आज्ञा झाली, आणि दोन्ही अभ्यासक्रम अर्धे टाकून निघणे भाग पडले. येथे भीमरावांची दूरदृष्टी दिसते. हात झाडून निघून न जाता त्यांनी आपले प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाची परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी ती परवानगी होती. पुन्हा येण्यास तेव्हा त्यांच्यापाशी दमडीही नव्हती. तरी दार लावून न घेता त्यांनी ते किलकिले ठेवले. जाण्याची तयारी करणारे पुष्कळ असतात. परतताना पुन्हा जाण्याची तयारी करून ठेवणारे थोडे.

तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. भीमराव ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस सुखरूप पोहोचले. परंतु त्यांचे सामान व पुस्तके ज्या दुसऱ्या बोटीने येत होती ती पाणतीराच्या माऱ्याने बुडाली. नुकसानीबद्दल टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले. त्यांतील काही घरखर्चास रमाबाईंच्या हाती देऊन उरलेल्या पैशांत भीमराव कराराप्रमाणे बडोद्यास रुजू होण्यास गेले. जमवलेल्या ग्रंथांच्या मोलावर घरची चूल पेटली आणि नोकरीच्या गावचे भाडेही भागले, हे वाचून कोणाचे मन हळहळणार नाही?

बडोद्यात त्यांस लष्करी सचिवाच्या पदावर नेमण्यात आले. पद मोठे, पण राहावयास जागा मिळेना. अस्पृश्यास घर देण्यास कोणी तयार नव्हते. नाव लपवून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून बाहेर काढले. कचेरीत शिपाईदेखील कागद त्यांच्या हाती न देता दुरून टेबलावर टाकीत. करारात दहा वर्षांची सेवा स्पष्ट लिहिलेली होती. ती सेवा करणाऱ्याने रात्री निजावे कोठे, याचा विचार कोणी केला नव्हता. भीमराव मुंबईस परतले. दुसऱ्यांनी आखलेल्या योजनेचा असा शेवट झाला.

यानंतरची तीन वर्षे आम्हांस त्यांच्या चरित्रातील फार मोलाची वाटतात. या वर्षांत सभांचा गजर थोडा आणि हिशेबाची वही अधिक आहे. हाताशी वेळ मोजका होता. लंडनची परवानगी ऑक्टोबर १९२१ पर्यंतच चालणार होती. प्रथम त्यांनी खासगी शिकवण्या केल्या. रोखे व भागभांडवल यांविषयी व्यापाऱ्यांस सल्ला देण्याचा व्यवसायही आरंभिला; पण सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा साडेचारशे रुपये. नोकरी तात्पुरती होती. पण भीमरावांस ती कायम हवी होतीच कोठे? त्यांस तिच्या जोरावर पुन्हा लंडन गाठावयाचे होते.

त्या काळी साडेचारशे रुपयांत सुखवस्तू घर थाटता आले असते. आंबेडकर कुटुंब मात्र परळ येथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत राहिले. मोठ्या जाऊबाई लक्ष्मीबाई यांची रमाबाईंस सोबत होती. घरखर्चास बेताची रक्कम काढून बाकीचा पैसा शिल्लक पडू लागला. या शिलकीचे श्रेय एकट्या भीमरावांस देणे अन्यायाचे होईल. दरमहा साडेचारशे मिळवणाऱ्याच्या घरी गरिबीप्रमाणेच राहावयाचे, लुगडे-चोळीची हौस मारावयाची, आणि ती कशासाठी, तर आपला धनी आणखी काही वर्षे आपणांपासून दूर जावा म्हणून! हे रमाबाईंनी केले. त्यांस शाळेचे शिक्षण नव्हते, तरी या योजनेतील अर्धा हिशेब त्यांनीच सांभाळला.

पैशाबरोबर कामाचीही व्यवस्था लावावयाची होती. ३१ जानेवारी १९२० रोजी भीमरावांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. भीमराव सरकारी कॉलेजात नोकरीस असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव घातले गेले. पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी ते काम पाहिले. म्हणजे संस्थापक परदेशी गेला तरी पत्र चालावे, अशी सोय झाली. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच महिन्यात कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली, आणि शाहू महाराजांनी तेथे येऊन या तरुण नेत्याचा गौरव केला.

आता हिशेबाची जुळणी पाहा. स्वतःची शिल्लक, नवल भाथेना यांच्याकडून पाच हजार रुपयांचे कर्ज, आणि शाहू महाराजांचे साहाय्य, अशा तीन वाटांनी पैसा उभा राहिला. या वेळी नोकरीच्या बंधनाचा करार नव्हता, परत बोलावणारा दिवाण नव्हता. १९२० साली परवानगीची मुदत संपण्यास सुमारे एक वर्ष उरले असता भीमराव पुन्हा लंडनला निघाले. यशवंत तेव्हा सात वर्षांचा होता.

अशी काळजीपूर्वक आखलेली योजना तरी निर्विघ्न पार पडली काय? नाही. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर चढला होता. १९२१ उजाडेपर्यंत तो दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. मुंबईत मोजून ठेवलेले रुपये लंडनमध्ये पौंडांत बदलताना आपोआप कमी भरू लागले. ज्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी रुपयाचा प्रश्न हाच विषय घेतला होता, त्याचा स्वतःचा संसार त्याच प्रश्नाने अडचणीत आणावा, हा केवढा विलक्षण योग! सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांस पत्र लिहून दोनशे पौंडांचे कर्ज मागितले. स्वाभिमानी माणसास असे पत्र लिहिणे किती जड गेले असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

लंडनमधील त्यांची राहणी याच ओढाताणीची साक्ष देते. खाणावळवाल्या बाईंकडे सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि पेलाभर पातळ रस्सा एवढेच मिळे. ते घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत वाचीत बसत. गाडीभाडे वाचवण्यासाठी पायी चालत. रात्री भूक लागली तर हिंदुस्थानातून आलेले पापड भाजून खात आणि पुन्हा पुस्तक उघडीत. १९२१ साली ते एम. एस्सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी विद्यापीठास सादर केला. परीक्षकांस प्रबंधातील ब्रिटिश धोरणावरची टीका तिखट वाटली व तो पुन्हा लिहावयास सांगण्यात आले. तोपर्यंत पैसा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, प्रबंध येथूनच दुरुस्त करून पाठवला, आणि त्याच वर्षी डी. एस्सी. ही पदवी मिळवली. तो ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांनी तो आपल्या आईवडिलांस अर्पण केला.

आल्यावर वकिलीची सनद काढण्यासही हाती पैसे नव्हते. तेही नवल भाथेना यांनीच दिले. मूकनायक त्यांच्या परतण्याच्या सुमारास बंद पडले होते. कामाची व्यवस्था लावून गेले तरी ती टिकवणे मागे राहिलेल्यांस साधले नाही. १९२७ साली त्यांस बहिष्कृत भारत हे नवे पत्र काढावे लागले. व्यवसायात जम बसेपर्यंत एका व्यापारी शिक्षणसंस्थेत ते शिकवीत. म्हणजे या दुसऱ्या प्रयाणातून भीमरावांस पदव्या मिळाल्या, त्याबरोबर कर्जही मिळाले. तथापि त्या पदव्यांस आता कोणत्याही संस्थानचे बंधन नव्हते. आपले ज्ञान कोणाच्या सेवेस लावावयाचे, हे ठरवण्यास ते मोकळे होते. दोन प्रयाणांतील खरा भेद आम्हांस येथे दिसतो.

त्या मोकळीकीचे फळ पुढे सर्व देशास मिळाले. १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, १९३० ते १९३२ या काळातील गोलमेज परिषदा, १९४७ साली घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या कायदेमंत्र्याचे पद, १९५६ साली नागपुरातील बौद्धधर्मस्वीकार, आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी दिल्ली येथे महापरिनिर्वाण, ही त्यांच्या जीवनातील मोठी पाने सर्वांस ठाऊक आहेत.

परंतु हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस जे मांडले गेले तेही सांगितले पाहिजे. भीमराव व रमाबाई यांस पाच अपत्ये झाली. त्यांपैकी यशवंत तेवढे जगले. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. हालअपेष्टांनी खंगलेल्या रमाबाई २७ मे १९३५ रोजी मुंबईत निवर्तल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ बाबासाहेबांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. उत्तम आखणीनेही त्या माउलीवरचा भार हलका झाला नाही. म्हणून कोणाही विद्वानाच्या पदव्या मोजताना त्यांखाली कोणाकोणाचे श्रम जमा आहेत, हे वाचकांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

बाबासाहेबांनी स्वतः हे विसरले नव्हते, असे त्यांच्या एका कार्यावरून आम्हांस वाटते. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि कॉलेजचे शिक्षण म्हटले की बहुतेकांस हैदराबादेची वाट धरावी लागे. ती वाट गरिबाच्या खिशास परवडणारी नव्हती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. शिक्षणासाठी स्वतः दोन वेळा समुद्र ओलांडलेल्या पुरुषाने मराठवाड्यातील मुलांसाठी कॉलेज घराजवळ आणून ठेवले! १९५८ साली तेथेच मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९९४ पासून ते बाबासाहेबांचे नाव धारण करते. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या दूरदेशी जाण्याचे मनात आणील, तर त्याने ही दोन प्रयाणे शेजारी ठेवून पाहावी. पैसा कोणत्या अटीवर घेत आहोत ते आधी नीट वाचावे. भाव बदलतील, आजार येईल, यासाठी थोडी शिल्लक निराळी ठेवावी. हातचे काम कोणाकडे सोपवले ते त्या माणसास व इतरांसही स्पष्ट सांगावे. आणि अर्ध्यावर परतावे लागले तर पुन्हा जाण्याची वाट उघडी ठेवावी. पालकबंधू-भगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, जाणाऱ्या मुलाच्या खर्चाची यादी करताना त्याच कागदावर घरी राहणाऱ्यांचीही यादी करावी. त्याच्या आईचे औषध, धाकट्या बहिणीची फी, शेतीचे बी-बियाणे ही कलमे त्यात आधी लिहावी. १९१३ च्या करारात ती कलमे नव्हती, आणि त्यांची किंमत रमाबाईंस मोजावी लागली. तुमच्या घरी ती कोणासही मोजावी लागू नये.